प्रार्थनेची वेळ

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या त्रिदिन उपासनेंत दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



ज्युबिली-कमिटीची इच्छा अशी होती कीं, आज मीं आपल्या धर्मग्रामाचा पन्नास वर्षांचा इतिहास सांगावा. परंतु तो इतिहास स्मरणिकेंत छापून येणारच आहे. देऊळ कोणीं बांधिलें, घंटा कोणीं दिली, शाळेचे वर्ग केव्हां वाढले, हें सर्व आपणांस तेथें निवांतपणें वाचतां येईल. मी आज एकाच गोष्टीविषयीं बोलणार आहें, आणि ती बोलण्यापूर्वीं मला स्वतःचा एक अपराध आपणांपुढें कबूल करावा लागणार आहे.

गेल्या वर्षीं पावसाळा संपतांच देवळाच्या छपराचें व गिलाव्याचें काम सुरू झालें. सकाळची मिस्सा शाळेच्या सभागृहांत होऊं लागली. सायंकाळच्या रोजरीची मात्र मीं कांहींच व्यवस्था केली नाहीं. मीं मनाशीं हिशेब केला कीं, रोजरीला येऊन येऊन येतात किती? दहाबारा माणसें. तीं आपापल्या घरीं म्हणतील. शिवाय सायंकाळीं मला कंत्राटदाराबरोबर बसावयाचें असे, देणगीदारांस पत्रें लिहावयाचीं असत. असे सुमारे सहा आठवडे गेले. एके दिवशीं वीज गेली (आपल्याकडे ती जातेच), म्हणून मी हातांत बॅटरी घेऊन आवारांत फेरी मारावयास निघालों. तों जुन्या क्रुसाच्या ओट्यावर तीन वृद्ध स्त्रिया बसलेल्या दिसल्या. त्यांच्या हातांत जपमाळा होत्या.

मीं विचारलें, “मावशी, एवढ्या अंधारांत येथें काय करतां?”

त्यांतील थोरली म्हणाली, “फादर, देवळाला कुलूप आहे ना? म्हणून इथें बसतों. सात वाजले कीं पाय घरांत राहत नाहींत.”

“किती दिवस बसतां?”

“कुलूप लागलें त्या दिवसापासून.”

त्या रात्रीं मला जेवण गेलें नाहीं. कुलूप मीं लाविलें होतें. ज्या देवळाच्या छपरासाठीं मी दारोदार फिरत होतों, त्या देवळांत जें व्हावयाचें तेंच मीं बंद पाडलें होतें, आणि तें या तिघींनीं मला न विचारतां चालू ठेविलें होतें. धर्मगुरूवांचून, दिव्यावांचून, छपरावांचून.

त्या तिघींना पाहून मला सेमिनरींत असतांना वाचलेली एक हकीकत आठवली. तिचा संबंध दूरच्या जपान देशाशीं असला, तरी ती आपल्याला परकी नाहीं. आपल्या वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांस नागासाकी शहरीं ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं क्रुसावर चढवून ठार मारण्यांत आलें, हें येथील लहान मुलासही ठाऊक आहे. त्यांच्याबरोबर आणखी पंचवीस जणांनीं प्राण दिले. १८६२ सालीं ख्रिस्तसभेनें या सव्वीस जणांस संतपद दिलें. यापुढची हकीकत मात्र आपल्यापैकीं फार थोड्यांस ठाऊक असते.

१६१४ सालीं जपानांत ख्रिस्ती धर्मावर सर्वत्र बंदी आली. धर्मगुरू हांकलून दिले गेले. जे लपून राहिले ते एकामागून एक पकडले गेले. १६४४ सालीं शेवटचे धर्मगुरू मारले गेले आणि त्यानंतर त्या देशांत मिस्सा अर्पण करण्यास, पापांगिकार ऐकण्यास कोणी उरलें नाहीं. दोनशें वर्षांवर असा काळ गेला. पुढें परदेशी लोकांस राहण्याची मुभा मिळाल्यावर फ्रेंच धर्मगुरूंनीं नागासाकीच्या औरा या भागांत एक देऊळ बांधिलें, आणि तें त्याच सव्वीस हुतात्म्यांस, म्हणजे आपल्या गोन्सालोंसही, वाहिलें. १७ मार्च १८६५ रोजीं फादर पेतिज्याँ यांस त्या देवळाच्या दाराशीं उराकामी गांवचीं कांहीं साधीं माणसें उभीं दिसलीं. तीं आंत आलीं. त्यांतील एका स्त्रीनें हळूच सांगितलें कीं, तुमच्या हृदयांत जें आहे तेंच आमच्याही हृदयांत आहे; आणि मग पवित्र मरियेची मूर्ति कोठें आहे, असें तिनें विचारलें.

दोनशें वर्षें या लोकांनीं श्रद्धा कशी राखिली? त्यांच्याजवळ ग्रंथ जवळजवळ नव्हते. जें होतें तें असें: गुप्तपणें जमण्याचे ठरलेले दिवस, बाप्तिस्मा देण्यासाठीं नेमलेला एक मनुष्य, सणउपवासांचें पंचांग सांभाळणारा दुसरा मनुष्य, आणि बापानें मुलास तोंडपाठ करून दिलेल्या प्रार्थना. त्या प्रार्थनांतील लॅटिन व पोर्तुगीज शब्द पिढ्यान्‌पिढ्या घासून इतके बदलले होते कीं, म्हणणारांस त्यांचा अर्थ पुष्कळदां लागत नसे. त्या प्रार्थनांस ते ओराशो म्हणत. मूळ लॅटिन शब्द ओरात्सिओ, म्हणजे प्रार्थना. अर्थ पुसट झाला तरी वेळ चुकली नाहीं. फादर पेतिज्याँ यांस भेटले तेव्हां त्या लोकांचाही उपवासकाळच चालला होता. छळ त्यानंतरही थांबला नाहीं. उराकामीच्या तीन हजारांवर माणसांस हद्दपार केलें गेलें, आणि १८७३ सालीं कोठें बंदी उठली.

बंधूंनो, आपल्यावर कोणाचीही बंदी नाहीं. आपल्याला मिस्सा मराठींत आहे, बायबल मराठींत आहे, धर्मगुरू हांकेच्या अंतरावर आहे. असें असतांना घरभेटीस आलों म्हणजे मला काय दिसतें तें सांगूं काय? पवित्र हृदयाच्या तसबिरीपुढें विजेचा तांबडा दिवा चोवीस तास जळत असतो आणि तसबिरीखालीं जपमाळ खिळ्याला टांगलेली असते. तिच्यावर धूळ असते. मी विचारतों, “रोजरी केव्हां म्हणतां?” उत्तर येतें, “फादर, जमेल तेव्हां.” हें ‘जमेल तेव्हां’ मला फार भय घालतें. जेवण आपण जमेल तेव्हां जेवीत नाहीं; चर्चगेटची गाडी जमेल तेव्हां पकडीत नाहीं.

मी कठोर बोलत आहें असें वाटल्यास क्षमा करा. पहांटेच्या गाडीनें जाऊन रात्रीं दहाला परतणाऱ्या बापाचे पाय मीं पाहिले आहेत. मुलांच्या शिकवण्या, आजाऱ्याची शुश्रूषा, पाण्याची वाट पाहणें, हें सर्व खरें आहे. परंतु संत मार्क याच्या शुभवर्तमानांतील पहिला अध्याय काढून पाहा. कफर्णहूमास सूर्य मावळल्यावर सारा गांव दाराशीं लोटला होता आणि प्रभूनें पुष्कळ रोगी बरे केले. इतकें श्रम झाल्यावर दुसऱ्या दिवशीं सूर्योदयापर्यंत निजण्याचा अधिकार कोणास होता, तर त्याला. तो मात्र अंधार असतांनाच उठून एकांतांत प्रार्थनेस गेला. शिष्य त्याला शोधीत फिरले.

कोणी सुशिक्षित तरुण मला म्हणतात, “फादर, तेच ते शब्द रोज उच्चारण्यांत काय अर्थ? मन दुसरीकडेच असतें.” प्रश्न प्रामाणिक आहे. मी त्यांस गेथशेमनी बागेंत नेतों. तेथें दुःखानें व्याकूळ झालेल्या प्रभूनें तिसऱ्यांदा प्रार्थना केली ती त्याच शब्दांत केली, असें संत मत्तय सांगतो. जगाच्या तारणकर्त्यास त्या रात्रीं नवे शब्द लागले नाहींत. आपल्या वाड्यांत पूर्वीं रहाट असत, वृद्धांस आठवत असतील. रहाटाची माळ एकसारखी फिरे. लोटे रिकामे खालीं जात, भरून वर येत, आणि एखादा फुटका लोटा अर्धेंच पाणी आणी. त्या एका लोट्यासाठीं कोणी रहाट थांबविला नाहीं, आणि केळींस पाणी मिळे.

आतां स्वतःचें आणखी थोडें सांगतों. माझी मातोश्री वारली तेव्हां मी एक्केचाळीस वर्षांचा होतों. त्यानंतर सुमारे आठ महिने मला प्रार्थना करतां येईना. नित्यप्रार्थनेचा ग्रंथ उघडीत असें, पण स्तोत्रें म्हणजे नुसतीं अक्षरें वाटत. दीक्षेबरोबर तें कर्तव्य अंगावर आलें होतें म्हणूनच मी तें करीत होतों, हें मी लपवीत नाहीं. ज्या वृद्ध धर्मगुरूंपाशीं मी पापांगिकार करीत असें, त्यांस मीं हें सांगितलें. ते म्हणाले, “तुला काय वाटतें हें तुला विचारलें कोणीं? वेळ झाली कीं बस.” त्या वेळीं हें उत्तर मला रुक्ष वाटलें. मग एके दिवशीं दुसऱ्या कोणाच्या आईला मूठमाती देतांना, पावसानें भिजलेलें पुस्तक मिटावें लागलें आणि खोल गर्तेंतून हांक मारणारें तें एकशेंतिसावें स्तोत्र माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडूं लागलें. तें मी त्या बाईसाठीं म्हणत होतों आणि माझ्या आईसाठींही. त्या आठ कोरड्या महिन्यांत तें माझ्या आंत साठत होतें, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

म्हणून तुमच्याकडे माझें मागणें लहान आहे. रिट्रीटहून परतल्यावर आठ दिवस तास तास प्रार्थना करणारीं माणसें मीं पुष्कळ पाहिलीं आहेत. नवव्या दिवशीं जपमाळ पुन्हां खिळ्याला. तसें नको. घरांत एक वेळ ठरवा. बाप दहाला येत असेल, तर दहा हीच वेळ. पूर्ण रोजरी होत नसेल तर एक दशक म्हणा, पण सर्वांनीं मिळून म्हणा. मोबाईल दुसऱ्या खोलींत राहूं द्या. सुरुवात लहान मुलानें करावी. तें चुकेल, आणि आजी सुधारील. माझी प्रार्थना मी अशीच शिकलों. शेवटीं घरांतील मृतांचीं नांवें घ्या, कारण तीं नांवें मुलांस दुसरीकडे कोठेंच ऐकावयास मिळत नाहींत. एखादा दिवस चुकला तर त्याचा शोक करीत बसूं नका. दुसऱ्या दिवशीं त्याच वेळीं बसा.

आणि देवळापुरतें माझें वचन असें कीं, सायंकाळीं सातची घंटा यापुढें कोणत्याही कामासाठीं बंद राहणार नाहीं. मी घरभेटीस किंवा आजाऱ्याकडे गेलों असलों, तरी दार उघडावें म्हणून देवळाची दुसरी किल्ली मीं त्या तिघींतील थोरलीच्या स्वाधीन केली होती. गेल्या उपवासकाळांत ती देवाघरीं गेली. मातीच्या दिवशीं मला वाटलें, किल्ली आतां परत येईल. पण तिच्या सुनेनें ती परत आणून दिली नाहीं. ती आतां स्वतःच रोज पावणेसातला येऊन दार उघडते.