छळ आणि छप्पर



बायकोला मारणे ही घरातली बाब, असे म्हणणारे आजही भेटतात. ह्याच करवीरनगरीत शाहू छत्रपतींनी १९१९ साली कायदा करून स्त्रीला क्रूरपणे वागविणे गुन्हा ठरविले. देशाच्या दंडसंहितेत सासरच्या छळाचे स्वतंत्र कलम यायला १९८३ साल उजाडले.

परंतु नुसत्या शिक्षेने प्रश्न सुटत नाही. तक्रार केली, तर रात्री मुलांना घेऊन निजायचे कुठे? ह्या धास्तीने कित्येकजणी निमूट सोसतात. २००५ चा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा नेमका येथे हात घालतो. घर तिच्या नावावर नसले, तरी त्यात राहण्याचा हक्क तिला आहे. दंडाधिकारी तिला संरक्षण देतात, पोटगी देवववितात. संरक्षणाचा हुकूम मोडणाऱ्यास १ वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तिला वकीलही मोफत मिळतो.

आणि संरक्षण अधिकाऱ्यास खबर शेजारीही देऊ शकतो. ती सद्‌भावाने दिली, तर त्याच्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. भिंतीपलीकडे किंकाळी उठली की आपण टीव्हीचा आवाज वाढवितो. छत्रपतींनी शंभर वर्षांपूर्वी जी बाब घराबाहेर आणली, ती आपणच पुन्हा आत लोटीत आहोत. तेवढे थांबवू या.