उपग्रहाचे इंटरनेट आणि बाजारातला राउटर : बिघाड नेमका कुठे?



डोंगराकडच्या वाड्यांवर मोबाईलची रेंज नीट पोचत नाही आणि फायबरची तार मोठ्या गावापर्यंत येऊन थांबते. अशा काही ठिकाणी ग्रामपंचायती, दूध संस्था, शेतकरी गट यांनी उपग्रहावरून इंटरनेट घेतले आहे. कंपनीचा माणूस येतो, छत्री बसवतो, घरात मोडेमची पेटी ठेवतो आणि जातो. पण वाय-फाय पलीकडच्या खोलीत पोचत नाही, म्हणून आपण बाजारातून वेगळा राउटर आणून मोडेमला जोडतो. मग एके दिवशी इंटरनेट बंद पडते. कंपनीला फोन करावा तर ते म्हणतात, "राउटर आमचा नाही." दुकानदार म्हणतो, "राउटर चांगला आहे, छत्री बघा." मध्ये अडकतो तो शेतकरी. तेव्हा हा बिघाड आपला आपण कसा शोधायचा, एवढेच आज सांगणार आहे.

आधी माझीच चूक सांगतो. एका वाडीवरच्या गटाचे इंटरनेट ऐन खरिपात बंद पडले. गटातल्या लोकांनी शेतात जाऊन पिकाचे फोटो काढले होते, पण ई-पीक पाहणीची माहिती पाठवायची राहिली होती. ती नोंद सातबाऱ्यावर नसली म्हणजे नुकसान भरपाईला आणि हमीभावाच्या खरेदीला अडचण येते, हे आपण जाणताच. त्यांनी मला फोन केला. मी बसल्या जागेवरून सांगून टाकले, "पावसाळा आहे, ढग आहेत, दोन दिवस थांबा." दोनाचे नऊ दिवस झाले. शेवटी मी गेलो तेव्हा छत्रीला काहीही झालेले नव्हते. कुणाच्या तरी भाच्याने पुण्याहून आणलेला जुना राउटर त्याच आठवड्यात जोडला होता, दोष त्यात होता. दुरुस्तीला दहा मिनिटे लागली. पण सहा जणांची मुदत टळली ती टळलीच, आणि त्यांना तलाठी कार्यालयात खेपा घालाव्या लागल्या.

ठिबकला पाणी येईनासे झाले तर आपण काय करतो? आधी पंपाजवळ पाइप सोडून बघतो. तिथे पाणी असले तर पंप आणि विहीर दोन्ही ठीक, दोष पुढे फिल्टरात किंवा नळीत. इथेही तसेच करावे. उपग्रह, छत्री, मोडेम, राउटर आणि शेवटी आपला मोबाईल, अशी ही वाट आहे. तिचा मधला सांधा म्हणजे मोडेममधून राउटरकडे जाणारी तार. ती राउटरमधून काढून सरळ लॅपटॉपला लावावी. ग्रामपंचायतीचा किंवा शाळेचा लॅपटॉप तासभर मागून आणला तरी चालेल. मोडेम बंद करून पुन्हा चालू करावा, पाच मिनिटे थांबावे आणि मग बघावे. इंटरनेट चालले तर आकाश, छत्री आणि मोडेम निर्दोष. आता सारे लक्ष राउटरकडे.

राउटरच्या पाठीमागे तारेची चार-पाच छिद्रे असतात. त्यांतले एक वेगळे असते. बहुधा त्याचा रंग निराळा असतो किंवा त्यावर 'वॅन' अथवा 'इंटरनेट' असे इंग्रजीत लिहिलेले असते. मोडेमची तार तिथेच जायला हवी. घर झाडताना तार निघते आणि पुन्हा लावताना शेजारच्या छिद्रात जाते. दिवा लागतो, वाय-फायही दिसते, पण इंटरनेट येत नाही.

तार बरोबर असूनही चालत नसेल तर दोन्ही पेट्या बंद करा. आधी फक्त मोडेम चालू करा. त्याचे दिवे स्थिर होईपर्यंत, म्हणजे चार-पाच मिनिटे, थांबा आणि त्यानंतर राउटर चालू करा. काही मोडेम पूर्वी जोडलेल्या यंत्राची ओळख धरून बसतात आणि नव्याला दाद देत नाहीत. त्यामुळे लॅपटॉपवरून पुन्हा राउटरवर येतानाही हा क्रम पाळावा लागतो.

आता त्या भाच्याच्या राउटरविषयी. शहरात तारेच्या इंटरनेटला पुष्कळ ठिकाणी नाव आणि सांकेतिक शब्द घालून जोडणी करतात. तिला 'पीपीपीओई' म्हणतात. तो राउटर तीच सवय घेऊन वाडीवर आला होता आणि मोडेमपाशी नाव-शब्द विचारत बसला होता. उपग्रहाचा मोडेम सहसा असे काही मागत नाही, तो स्वतःच पत्ता देतो. म्हणून राउटरच्या मांडणीत जोडणीचा प्रकार 'डायनॅमिक आयपी' असा ठेवावा. काही राउटरवर त्यालाच 'ऑटोमॅटिक' किंवा 'डीएचसीपी' म्हटलेले असते. कंपनीने वेगळे आकडे लिहून दिले असतील तर अर्थात तेच भरावेत. ही मांडणी उघडण्याचा पत्ता राउटरच्या बुडाशी छापलेला असतो. घरातल्या बारावीच्या मुलाला किंवा मुलीला जवळ बसवा. मात्र काहीही बदलण्यापूर्वी जुने जे असेल ते कागदावर उतरवून घ्या. पोरांना घाई फार असते.

याहून फसवा दोष आहे तो सारख्या पत्त्यांचा. मोडेमला स्वतःचा एक पत्ता असतो आणि राउटरलाही असतो. पुष्कळ पेट्यांना कारखान्यातूनच १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ हा पत्ता दिलेला असतो. योगायोगाने दोन्हींचा एकच निघाला तर एका गट नंबरचे दोन सातबारे निघाल्यासारखे होते. माहिती कुठे पाठवायची तेच राउटरला कळत नाही. मोबाईलवर वाय-फायच्या रेघा भरलेल्या दिसतात आणि खाली 'इंटरनेट नाही' असे येते. यावर उपाय म्हणजे राउटरचा 'लॅन' पत्ता बदलून १९२.१६८.५०.१ असा काही करावा. आकडे अर्थात इंग्रजीत भरायचे. त्यानंतर मांडणी उघडायची असेल तर नवाच पत्ता लागेल, म्हणून तो पेटीवर चिकटवून ठेवा. नवे राउटर बऱ्याच वेळा हा पत्ता आपणहून बदलून घेतात, जुने घेत नाहीत.

एक बाब साधी आहे, पण मी ती दोनदा पाहिली आहे. मोडेमचा आणि राउटरचा चार्जर अदलाबदल झालेला असतो. पिन सारखी बसते, पण एक बारा व्होल्टचा तर दुसरा नऊचा. कमी दाबावर पेटीचे दिवे लागतात आणि ती पुनःपुन्हा बंद पडते. जास्त दाबाने जळूनही जाते. चार्जरवर रंगाची खूण करून ठेवावी.

सरळ तार लावूनही इंटरनेट चालले नाही, तर मात्र छत्रीकडे वळावे. नेहमीच्या व्यवस्थेत उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर एका जागी उभा दिसतो. इस्रोचा ५ डिसेंबर २०१८ रोजी सोडलेला जीसॅट-११ हा त्यांपैकीच. म्हणून आपल्याकडे छत्रीचे तोंड साधारण दक्षिणेकडे आणि बरेच वर असते. त्या बाजूला अगदी जवळ शेवगा लावला असेल तर एका पावसाळ्यात तो आड येऊ शकतो. मुसळधार पावसात संदेश क्षीण होतो, हे खरे. पण पाऊस उघडून आभाळ हलके झाल्यावर तो परत येतो. तासाभरानंतरही आला नाही तर पावसाला दोष देऊ नये, जसा मी दिला. केबलच्या सांध्यात पाणी गेले आहे का, माकडांनी केबल ओढली आहे का, ते पाहावे. छत्री हाताने फिरवू नये. थोडी हलली तरी उपग्रह सुटतो आणि मग कंपनीच्या माणसाशिवाय गत्यंतर नाही. चालू छत्रीच्या तोंडासमोर उभे राहू नये, ती संदेश सोडतही असते.

आणखी एक पद्धत आहे, स्टारलिंकसारखी. तिचे उपग्रह पुष्कळ कमी उंचीवर फिरते असतात, त्यामुळे तिला बरेचसे मोकळे आभाळ लागते. तिथे कंपनीचा राउटर 'बायपास'वर टाकून आपला राउटर लावता येतो. पण मग कंपनीच्या राउटरचे वाय-फाय बंद होते. ते बिघडले असे समजून घाबरू नये.

उंच उपग्रहावरून बोलताना समोरच्याचे उत्तर थोडे उशिरा येते. प्रश्न वर जाऊन खाली आणि उत्तर पुन्हा वर जाऊन खाली, असा जवळपास दीड लाख किलोमीटरचा प्रवास होतो आणि त्यातच अर्धा सेकंद जातो. राउटर बदलून हा वेळ कमी होणार नाही, त्यासाठी पैसे घालवू नका. महिन्याच्या शेवटी सारेच मंद झाले तर आधी ठरलेला डेटा संपला का ते विचारा. राउटरला सांकेतिक शब्द नसेल तर साऱ्या आळीचे मोबाईल त्यावर चालत असतात, बरं का!

कंपनीला फोन करताना मोडेमचे कोणते दिवे लागले आहेत आणि सरळ तार लावल्यावर काय झाले, हे दोन्ही सांगा. म्हणजे "राउटर आमचा नाही" हे उत्तर मिळणार नाही. आणि वळवाचे ढग दाटून येऊ लागले की दोन्ही पेट्यांचे चार्जर आणि छत्रीकडून येणारी केबल काढून ठेवा. गडगड ऐकू आल्यावर किंवा वीज चमकू लागल्यावर मात्र तारांना हात लावू नका.