मेंदूचा शस्त्रवैद्य आणि मुळशीची वाट

ताम्हिणीच्या घाटात वाहन घसरून कोणाच्या कानशिलावर मार बसला, तर कधीकधी एक फसवा प्रकार घडतो. मनुष्य क्षणभर बेशुद्ध पडतो, मग सावध होऊन आपले नाव सांगतो, पाणी मागतो. सोबतच्यांचा जीव भांड्यात पडतो. परंतु कानशिलाचे हाड पातळ असते व त्याच्या आतल्या बाजूस लगटून एक रोहिणी जाते. ती फाटली म्हणजे कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचू लागते. कवटी काही ताणली जात नाही. दबतो तो मेंदू. रोग्यास पुन्हा गुंगी येते, आणि थकून झोपला असेल म्हणून घरची माणसे त्यास उठवीत नाहीत. डोळ्याची एक बाहुली मोठी झाली की वेळ फारच थोडा उरला असे समजावे. वेळीच कवटी उघडून ते रक्त काढले, तर हाच मनुष्य आपल्या पायांनी घरी जाऊ शकतो.

मुळशी तालुक्याचे ठाणे पौड. तेथून पुणे सुमारे ३० किलोमीटर. ताम्हिणी तर त्याहून बरीच आत. मग पौडासच मेंदूचा शस्त्रवैद्य का नेमीत नाहीत, असा प्रश्न सुशिक्षित मंडळीही विचारतात. मला तो प्रश्न अपुरा वाटतो.

हा तरुण वैद्य साडेपाच वर्षे वैद्यकी, तीन वर्षे सामान्य शस्त्रक्रिया आणि पुढे आणखी तीन वर्षे मेंदूची शस्त्रक्रिया शिकून बाहेर पडतो. हे सारे शिक्षण मोठ्या रुग्णालयात होते. तेथे सीटी स्कॅन असतो, भूलतज्ज्ञ असतो, रक्तपेढी असते, कृत्रिम श्वासोच्छ्वासाचे यंत्र असते आणि रात्रभर दर तासाला रोग्याच्या बाहुल्या पाहणारी परिचारिका असते. लहान गावी पाठविताना आपण त्याचे फक्त दोन हात पाठवितो.

यावर वडीलधारे म्हणतात की, पूर्वी कोठे होती ही साधने? खरे आहे. पहिला स्कॅन लंडनमध्ये निघाला तो १९७१ साली. त्यापूर्वी २२ वर्षे, म्हणजे १९४९ मध्ये, डॉ. जेकब चँडी यांनी वेल्लोरला या शास्त्राचा विभाग उघडला होता. हातापायांतील जोर, बाहुल्यांचा आकार आणि क्ष-किरणांची छायाचित्रे यांवरून ते निदान करीत. तथापि चँडींना एकटे सोडलेले नव्हते. त्यांच्यामागे एक शिकविणारे रुग्णालय उभे होते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

एकटेपणाची खरी परीक्षा मध्यरात्री होते. विचारावयास गुरू जवळ नाही. शस्त्र धरावे, तर नंतर रोग्यास सांभाळील कोण? पुढे धाडावे, तर तो वाटेतच दगावेल. काहीही केले तरी दाराशी जमलेला जमाव जाब विचारणार. वैद्यांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रास २०१० साली कायदा करावा लागला, यातच सर्व आले. अशा दोन-तीन रात्रींनंतर तो पुण्याची वाट धरतो, आणि आपण त्याला पैशाचा लोभी ठरवितो. (मुळशीच्या धरणाच्या पाण्याची वीजही मुंबईलाच गेली, शहराची ही ओढ एकट्या वैद्यालाच नाही.)

माझ्या मते असे दोन वैद्य जिल्ह्याच्या रुग्णालयात एकत्र आणि संपूर्ण साह्यासह नेमावेत. पौडच्या डॉक्टरास ती फसवी शुद्ध ओळखता यावी व रोग्यास तीन दारे न हिंडविता सरळ योग्य ठिकाणी धाडता यावे, एवढे शिकविणे फार खर्चाचे नाही. ते शिकविणे हेही त्या तरुण वैद्याचेच काम मानावे.

आणखी एक अडचण, जिचा उच्चार क्वचितच होतो. टाके निघाले की घाटमाथ्यावरचा रोगी सहसा परत येत नाही. एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी आणि सोबतीस येणाऱ्याचा दिवस, हे त्याला परवडत नाही. फिटा येऊ नयेत म्हणून दिलेल्या गोळ्या संपतात, त्या पुन्हा आणल्या जात नाहीत. तो पुन्हा भातलावणीस उभा राहिला की अंथरुणास खिळला, हे ज्याने त्याची कवटी उघडली त्या वैद्यास कधीच कळत नाही. आणि दुसऱ्या रोग्याच्या वेळी त्याला त्याच जागी, तितक्याच अंधारात, पुन्हा निर्णय घ्यावा लागतो.