उपासनेंत शरीराचा वाटा

(ज्युबिली महोत्सवाच्या सभेंत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या मंगल प्रसंगीं चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, ती आम्हीं मोठ्या संकोचानें शिरीं धरिली आहे. ज्युबिलीच्या वेळीं देवळाच्या बांधणीचा, होऊन गेलेल्या धर्मगुरूंचा, आणि स्नानसंस्कार व विवाह यांच्या नोंदींचा इतिहास सांगण्याची प्रथा आहे. तो आमच्याहून अधिक जाणते लोक सांगतीलच. परंतु एक नोंद कोणत्याहि वहींत सांपडत नाहीं. या देवळांत आजवर किती गुडघे टेकले, किती हात जोडले गेले, किती कपाळांवर पवित्र पाण्याचें बोट फिरलें, हें कोणीं लिहून ठेविलेलें नाहीं. बाकांखालच्या, गुडघे टेकावयाच्या फळ्या एकदां पाहाव्या. त्यांचा मधला रंग उडाला आहे व लांकूड गुळगुळीत झालें आहे. आमच्या मतें तीच त्या इतिहासाची वही होय. आज तिचीं कांहीं पानें आपणांबरोबर वाचावीं, असा मानस आहे.

कोणी म्हणेल, देव अंतःकरण पाहतो, मग उठणें, बसणें, वांकणें, हात जोडणें या बाह्य गोष्टींचें इतकें महत्त्व कशास? ही शंका वाजवी आहे, आणि नवीहि नाहीं. ओठांनीं मान देणाऱ्या पण मनानें दूर राहणाऱ्या लोकांस यशया संदेष्ट्यानें पूर्वींच फटकारिलें होतें, व प्रभु येशूनेंहि परूश्यांस त्याच बोलांची आठवण दिली. तथापि त्याच प्रभूनें कुष्ठरोग्यास हात लाविला, आंधळ्याच्या डोळ्यांस चिखल लाविला, मुलांना कवटाळून त्यांच्यावर हात ठेविले, आणि शेवटच्या भोजनाच्या रात्रीं कमरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. हें सर्व एका शब्दानें करण्याचें सामर्थ्य त्याच्या ठायीं होतें. तरी त्यानें हात वापरले, तो वांकला. देवाच्या पुत्रानें मनुष्यदेह घेतला, हाच ज्या धर्माचा पाया, त्या धर्माची उपासना देहावांचून कशी व्हावी? आईचें प्रेम मनांत असतें, हें खरें. परंतु ती मुलाला कधीं जवळच घेणार नाहीं, तर मुलाला तें कळावें कसें? आणि कालांतरानें तें तिच्या मनांत तरी टिकावें कसें?

देवळाच्या दाराशींच पहिली कृति घडते. पवित्र पाण्यांत बोटें बुडवून आपण क्रुसाची खूण करितों. तें पाणी आपल्या स्नानसंस्काराची आठवण देतें, व ती खूण आपण कोणाचे आहों हें सांगते. ही चाल फार प्राचीन आहे. तिसऱ्या शतकाच्या आरंभीं आफ्रिकेंतील कार्थेज नगरींत तेर्तुलियन यानें लिहून ठेविलें आहे, कीं ख्रिस्ती लोक घरांत येतां-जातां, जोडे घालतांना, स्नानाच्या वेळीं, जेवावयास बसतांना व दिवे लावतांना आपल्या कपाळावर ही खूण करीत. पुढें ती कपाळावरून छाती व खांदे यांपर्यंत विस्तारली. इसवी सन १२०० च्या सुमारास पोप तिसरे इनोसंट यांनीं ती तीन बोटांनीं, उजव्या खांद्याकडून डाव्याकडे करण्याची रीति वर्णिली आहे. पूर्वेकडील पुष्कळ ख्रिस्ती मंडळी आजहि तशीच करितात. आपण डाव्याकडून उजव्याकडे हात नेतों. दिशा भिन्न, परंतु क्रूस एकच. शुभवर्तमानाच्या वाचनाआधीं तर आपण तीन लहान क्रूस काढितों. एक कपाळावर, एक ओठांवर, एक छातीवर. जें ऐकणार तें बुद्धीस कळावें, मुखानें बोललें जावें आणि अंतःकरणांत राहावें, हा त्याचा आशय. आतां आपण स्वतःस विचारूं या, ही खूण आपण कशी करितों? कित्येकांचा हात पाहिला, तर छातीवरील माशी उडविली जात आहे असा भास होतो. आम्ही स्वतःहि या दोषांतून सुटलेले नाहीं.

आंत आल्यावर आपण उजवा गुडघा जमिनीस टेकवितों. युरोपांत मांडलिक आपल्या स्वामीपुढें असा गुडघा टेकीत असे. ख्रिस्तसभेनें हा मान राजांच्या राजाला दिला. जेथें परमपवित्र साक्रामेंत ठेविलेलें असतें, तेथें अखंड दिवा तेवत असतो. तो पाहून गुडघा टेकावयाचा. हा मान साक्रामेंताचा, आणि शुभ शुक्रवारपासून पास्काच्या जागरणापर्यंत पवित्र क्रुसाचा. वेदीपुढें मात्र कमरेंतून वांकून नमन करावयाचें असतें. उघड मांडलेल्या साक्रामेंतापुढें पूर्वीं दोन्ही गुडघे टेकीत. १९७३ सालच्या विधिग्रंथानें तेथेंहि एकच गुडघा पुरेसा मानिला. नियम बदलले, तरी अर्थ तोच राहिला. आपल्या मराठी भाषेनें तो फार सुंदर रीतीनें जपला आहे. नमन, नमस्कार आणि नम्र हे तिन्ही शब्द एकाच धातूपासून आले आहेत, व त्या धातूचा अर्थ वांकणें असा आहे. देह वांकतो तो नमस्कार, आणि मन वांकतें ती नम्रता. दोहोंचें मूळ एकच.

उभें राहणें ही तर आपणांस क्षुल्लक गोष्ट वाटते. परंतु इसवी सन ३२५ मध्यें निसिया येथें भरलेल्या विश्वपरिषदेनें असा नियम केला होता, कीं रविवारीं व पास्कापासून पेंतेकोस्तापर्यंतच्या दिवसांत सर्वांनीं उभ्यानेंच प्रार्थना करावी. कारण तो काळ प्रभूच्या पुनरुत्थानाचा. आपल्या या शब्दांतहि 'उत्थान', म्हणजे उठून उभें राहणें आहे. शुभवर्तमानाच्या वेळीं आपण उठतों, तेव्हां मरणावर जय मिळविणाऱ्याच्या बाजूस आपण उभे आहों, हें सारें शरीर बोलत असतें. तसेंच बसणेंहि. बेथानी गांवांत मरिया प्रभूच्या चरणांशीं बसून ऐकत होती. वाचनाच्या व प्रवचनाच्या वेळीं आपण बसतों, तें तिच्या पंक्तीला, विश्रांतीसाठीं नव्हे.

छाती पिटण्याची कृति जकातदाराची. मंदिरांत दूर उभा राहून, वर दृष्टि न करितां, त्यानें ऊर बडविला व तो नीतिमान ठरून घरीं गेला. या कृतीविषयीं संत आगुस्तीन यांच्या प्रवचनांत एक मनोरंजक गोष्ट आढळते. शुभवर्तमानांत एके ठिकाणीं प्रभु आपल्या पित्याची स्तुति करतो. तेथें लॅटिन भाषेंत जो शब्द आहे, त्याचा अर्थ स्तुति करणें व पाप कबूल करणें असा दुहेरी होतो. तो शब्द कानीं पडतांच सर्व लोकांनीं छाती पिटली! तेव्हां संतांनीं त्यांना समजावून दिलें, कीं ज्याच्या ठायीं पाप नाहीं तोहि हा शब्द उच्चारितो, तेव्हां येथें अर्थ स्तुतीचा आहे. सोळाशें वर्षांपूर्वींचे ते लोक आपलेच भाऊ होत. हात संवयीनें चालला आणि लक्ष मागें राहिलें. संवय वाईट नव्हे. तिच्यावांचून भक्ति टिकत नाहीं. पण मधून मधून थांबून हाताला त्याचा अर्थ विचारला पाहिजे.

आतां हातांविषयीं. मिस्सेंत धर्मगुरु दोन्ही हात पसरून प्रार्थना करितात. रोम शहराखालच्या भुयारी दफनभूमींतील भिंतींवर असेच हात पसरलेल्या भक्तांचीं चित्रें आहेत. त्या पसरलेल्या हातांत आपल्या पूर्वजांना क्रुसावरील प्रभु दिसे. आपल्या वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं जपानांतील नागासाकी येथें क्रुसावर चढवून भाल्यांनीं विंधण्यांत आलें, व ८ जून १८६२ रोजीं ते संतपदास चढले. ज्या हातांनीं बाळपणीं या किनाऱ्यावर क्रुसाची खूण केली, तेच हात शेवटीं स्वतः क्रुसावर पसरले गेले. खूण करणें आणि ती खरी करून दाखविणें यांमधील सारें अंतर त्यांनीं चालून दाखविलें.

जोडलेले हात तर आपल्या देशाचा सनातन ठेवाच आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ सालीं उपासनेविषयींचा दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यांत लोकांच्या कृति, देहस्थिति व मौन यांचाहि उल्लेख आहे. पुढें २५ एप्रिल १९६९ रोजीं रोमनें भारतासाठीं बारा फेरफारांस संमति दिली. पादत्राणें काढून जमिनीवर बसणें, गुडघा टेकण्याऐवजीं हात जोडून खोल नमन करणें, पंचांग प्रणाम, तेलाचे दिवे, आरती, आणि शांतीची खूण म्हणून नमस्कार, हीं त्यांपैकीं कांहीं होत. त्यांवर वादहि पुष्कळ झाले. परंतु शेजाऱ्याकडे वळून हात जोडणें आपणां सर्वांच्या अंगवळणीं पडलें आहे. येथें एक गोष्ट जिव्हाळ्यानें सांगूं द्या. ज्या भावाशीं बांधावरून बोलणें बंद आहे, तो शेजारच्या बाकावर असतांना आपले जोडलेले हात भलत्याच दिशेला वळतात, हें आम्हीं पाहिलें आहे. देहानें खोटें बोलतां येतें, तें असें.

२०२० सालीं मार्च महिन्यांत करोनाच्या सांथीमुळें देवळांचीं दारें बंद झालीं. घरोघरीं मोबाईलवर मिस्सा पाहावी लागली. त्या लहानशा पडद्यापुढें गुडघे टेकावे कीं खुर्चींत बसून राहावें, असा प्रश्न पडे. पुष्कळांनीं लादीवर गुडघे टेकले. पुढें दारें उघडलीं, तेव्हां कित्येक ठिकाणीं पवित्र पाण्याचीं पात्रें कोरडींच होतीं. तरी आंत शिरतांना हात आपोआप त्यांकडे जाई व रिकामा परत येई. त्या रिकाम्या हाताला आपण काय गमावलें होतें, हें नेमकें कळलें होतें.

शेवटीं, मिस्सेच्या गाभ्याच्या क्षणीं गुडघे टेकणें. गेथशेमनी बागेंत प्रभूनें गुडघे टेकून पित्याची इच्छा पत्करिली. संत स्तेफन यानें दगडांच्या वर्षावांत गुडघे टेकून वैऱ्यांसाठीं क्षमा मागितली. याविषयीं बोलतांना आम्हांस आमचा एक अपराध सांगितलाच पाहिजे.

बरींच वर्षें झालीं. आम्ही तरुण होतों, आणि मिस्सेच्या वेळीं मुलांना शिस्तीनें बसविण्याचें काम आमच्याकडे होतें. एका रविवारीं, सर्व लोकांनीं गुडघे टेकले असतां, पहिल्या बाकावर एक वृद्ध आजीबाई बसूनच राहिल्या. मुलांना वाईट कित्ता मिळेल, या विचारानें आम्हीं जवळ जाऊन त्यांच्या खांद्याला हात लाविला व खालीं बोट दाखविलें. त्या ओशाळल्या. पुढच्या फळीला धरून त्यांनीं वांकण्याचा यत्न केला. अर्ध्यावर आल्या, आणि तेथेंच थरथरत राहिल्या. शेजारच्या बाईनें त्यांना पुन्हां बसविलें. मिस्सेनंतर आम्हीं बाहेर गांठून क्षमा मागितली, तेव्हां त्या हंसून म्हणाल्या, "बाळा, केळींना पाणी लावतां लावतां गुडघे गेले रे. ते आतां वांकत नाहींत. मान वांकते ना?"

क्षमा त्यांनीं तेव्हांच केली. परंतु त्या पुन्हां कधीं पहिल्या बाकावर बसल्या नाहींत. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसत, व तेथूनच मान लववीत. त्या बाकावरून त्यांची अंत्ययात्रा जातांना आम्हीं पाहिली, आणि मग आमचे गुडघे खरोखर टेकले.

त्यानंतर बायबलांतील मोशेची गोष्ट आम्हांस निराळीच दिसूं लागली. अमालेकी लोकांशीं युद्ध चाललें असतां मोशे टेकडीवर हात उंचावून उभा होता. हात वर असेपर्यंत इस्राएलाची सरशी होई. ते खालीं आले कीं माघार. म्हातारा मोशे थकला. तेव्हां अहरोन व हूर यांनीं काय केलें? त्यांनीं त्याला रागें भरलें नाहीं. त्याच्याखालीं एक धोंडा आणून ठेविला, त्यावर त्याला बसविलें, आणि दोघांनीं दोन्ही बाजूंनीं त्याचे हात सूर्यास्तापर्यंत धरून ठेविले. मोशेची ती प्रार्थना बसूनच झाली, आणि देवानें ती ऐकिली.

बंधुभगिनींनो, आम्हांस जें सांगावयाचें आहे तें इतकेंच. सर्वांनीं एकत्र उठणें, बसणें, गुडघे टेकणें ही आपण एकच शरीर असल्याची खूण आहे. ज्याचे गुडघे धड आहेत, त्यानें आळस न करितां ते पुरते टेकावे. कारण तो केवळ स्वतःसाठीं टेकीत नाहीं. ज्याचे झिजले आहेत, जो अंथरुणावर आहे, जो चाकांच्या खुर्चीवर येतो, त्याच्याहि वतीनें तो टेकीत असतो. आणि ज्याला टेकतां येत नाहीं, त्यानें ओशाळूं नये. त्याची लवलेली मान, त्याचे मिटलेले डोळे हेंच त्याचें साष्टांग नमन होय.

या ज्युबिलीच्या स्मरणार्थ पुष्कळ संकल्प होतील. आमची एक लहानशी विनंति आहे. पहिला बाक गुडघे न टेकणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांसाठीं राखून ठेवावा, व मुलांना त्यांच्या मागें बसवावें. त्यांना बसलेले पाहून मुलें विचारतील, तेव्हां आपण सांगूं, हे गुडघे तुमच्यासाठीं झिजले आहेत. आतां यांच्यासाठीं तुम्ही टेका.

प्रभु येशु ख्रिस्त आपल्या सर्वांचीं मनें व शरीरें आपल्या सेवेस लावून घेवो, हीच प्रार्थना.