मुक्या लिपीची बाराखडी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



"काहीतरी उपयुक्त बोला," असे कार्यवाहबाईंनी सांगितले तेव्हा मी पेचातच पडले. पाककृती सांगावी, तर माझ्याहून सुगरण अशा कितीतरी जणी समोरच बसल्या आहेत. म्हणून आज मी एका बाईंची गोष्ट सांगणार आहे.

भूमध्य समुद्रात क्रीट नावाचे बेट आहे. तेथे नॉसस या ठिकाणी १९०० साली आर्थर इव्हान्स या इंग्रज संशोधकाला खोदकामात मातीच्या पाट्या सापडल्या. पाट्या कच्च्याच होत्या; राजवाड्याला आग लागली, तीत भाजून निघाल्या म्हणून तीन हजारांहून अधिक वर्षे टिकल्या. त्यांवरच्या लिपीला 'लिनियर बी' असे नाव पडले. पण ती कोणाला वाचता येईना, आणि भाषा कोणती हेही कळेना. पन्नास वर्षे भल्याभल्यांनी तर्क लढविले.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन कॉलेजात शिकविणाऱ्या ॲलिस कोबर यांनी मात्र आधी भाषा गृहीत धरायचीच नाही असे ठरविले. त्यांनी चिन्हे नुसती निवडायला घेतली, आपण तांदूळ निवडतो तशी! महायुद्धात कागद मिळेना, तेव्हा शुभेच्छापत्रांच्या आणि परिपत्रकांच्या पाठकोऱ्या बाजू कापून त्यांनी चिठ्ठ्या केल्या व सिगारेटच्या खोक्यांत लावून ठेवल्या. सुमारे १,८०,००० चिठ्ठ्या!

त्यांची युक्ती आपल्याला सहज कळेल. समजा, आपल्या लिपीत काना, मात्रा, वेलांटी नाहीत. 'गा', 'गी', 'गे' यांना तीन अगदी निराळी चिन्हे आहेत. आता 'मुलगा, मुलगी, मुलगे' हे शब्द समोर आले. पहिली दोन चिन्हे तीच, शेवटचे तेवढे बदलते. म्हणजे बदलणारी तिन्ही एकाच व्यंजनाच्या घरची असावीत. तसेच 'घोडा, घोडी, घोडे'. मग 'गा' आणि 'डा' यांचा स्वर एक, 'गी' आणि 'डी' यांचा एक. उच्चार एकाचाही ठाऊक नाही. पण नाती जुळू लागली! पाट्यांवरचे शब्दही असेच शेवटी रूप बदलतात, हे बाईंनी दाखवून दिले आणि १९४८ साली दहा चिन्हांचा एक लहानसा तक्ता मांडला.

१९५० साली, अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी, त्या वारल्या. पुढे मायकेल व्हेंट्रिस या तरुण वास्तुशिल्पज्ञाने तसाच तक्ता वाढवीत नेला, आणि १९५२ साली लिपी उलगडली. भाषा निघाली जुनी ग्रीक. जगाने व्हेंट्रिसचे नाव लक्षात ठेवले. बाईंचे पुष्कळ वर्षे मागेच राहिले.

आणि पाट्यांवर होते काय? राजांचे पराक्रम नव्हेत. मेंढ्या किती, लोकर किती, सूत कातणाऱ्या बायका किती, त्यांची मुले किती, त्यांना धान्य आणि अंजिरे किती. हिशोब, भगिनींनो, हिशोब!

हे वाचले आणि मी खजील झाले. पूर्वी माळा आवरताना आजेसासूबाईंच्या मोडीतल्या दोन वह्या 'कोणाला वाचता येतात?' म्हणून मी रद्दीत घातल्या होत्या. तिसरी ट्रंकेच्या तळाशी राहिली म्हणून वाचली. तिच्यासाठी मी या वयात मोडीच्या वर्गाला जाऊ लागले. अक्षर लावता लावता डोळे दुखत. तेल, गूळ, परटाचे पैसे असे सारे निघाले. पण एक गोष्ट मला आमच्या घरात कोणीही सांगितली नव्हती. आजेसासूबाईंची मुले तीन. वहीत सुईणीचे लुगडे मात्र चार वेळा मांडलेले आहे.

त्याविषयी दुसरी ओळ नाही. त्या माउलीने कोणापाशी दुःख बोलून दाखविले असेल की नाही, कोण जाणे. हिशोबात मात्र ते लिहून ठेवले. त्या दोन वह्यांत आणखी काय होते, हे आता मला कधीच कळणार नाही.

क्रीटच्या पाट्या वाचायला पन्नास वर्षे लागली. मोडी वाचणारी माणसे तर आपल्यात आजही आहेत. तेव्हा घरातला जुना कागद रद्दीवाल्याच्या तागडीत घालण्यापूर्वी कोणाला तरी दाखवा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.