‘रिट्रेंच’ : खंदकापासून नोटिशीपर्यंत



व्याख्यानमालेत कामगार चळवळीतला माणूस बोलावला म्हणजे तो संपावर नाही तर पगारवाढीवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. मी आज एका इंग्रजी क्रियापदावर बोलणार आहे. ते क्रियापद म्हणजे ‘रिट्रेंच’. इंग्रजी मी शाळेत शिकलो त्यापेक्षा कामगारांनी आणलेल्या नोटिसा वाचून अधिक शिकलो, आणि हा शब्दही मला कोशात भेटण्याच्या आधी नोटिशीतच भेटला. कोश नंतर उघडला. तेव्हा ध्यानात आले, की या एका शब्दाचा अर्थ ठरविण्यासाठी या देशात तीन-चार दशके झगडा चालला होता, आणि तो अजून संपलेला नाही.

बल्लारपूर, घुग्घुस, राजुरा या बाजूच्या कामगार वस्त्यांत हा शब्द कोणी उच्चारीत नाही. मराठी माणूस सांगतो, “मला कामावरून कमी केले.” उत्तरेकडून आलेला सांगतो, “छँटनी हो गई.” दोन्ही शब्द विचार करण्याजोगे आहेत. ‘कमी करणे’ ही वजाबाकी आहे. शंभरातून पाच गेले, पंच्याण्णव उरले. गेलेल्या पाचांचे पुढे काय झाले, हे वजाबाकी सांगत नाही. ‘छँटनी’त निवड आहे. आपल्या सागाच्या रोपवनात विरळणी करतात, तशी. दाटी झाली की काही झाडे काढावयाची, म्हणजे राहिलेली जोमाने वाढतात. झाडांच्या बाबतीत ही गोष्ट योग्यच आहे. परंतु काढलेल्या झाडाला घर नसते, शाळेत जाणारी मुले नसतात.

आता मूळ शब्दाकडे वळू. फ्रेंच भाषेत कापणे या अर्थाची एक धातू आहे. तिच्यापासून इंग्रजीत ‘ट्रेंच’ म्हणजे खंदक हा शब्द आला, कारण खंदक म्हणजे कापलेली जमीन. त्याच घराण्यातला ‘रिट्रेंच’ हा शब्द इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या अखेरीस आणि सतराव्याच्या आरंभी दिसू लागला, आणि तोही दोन अंगांनी. एक अंग लढाईचे. बाहेरचा तट ढासळला तर शत्रू थेट आत घुसू नये म्हणून आतल्या बाजूला दुसरी फळी उभी करीत, तिला ‘रिट्रेंचमेंट’ म्हणत. आपल्या चंद्रपूरला परकोट आहे, म्हणून आपल्याला हे समजावयास अवघड नाही. जटपुरा दरवाजा पडलाच असे क्षणभर धरून चला. त्याच्या आत घाईने खणलेला दुसरा खंदक, ती रिट्रेंचमेंट. म्हणजे हा शब्द एके काळी आतल्या माणसांच्या संरक्षणाचा होता.

दुसरे अंग कापण्याचे, छाटण्याचे. त्यातून खर्च कापणे, काटकसरीने राहणे हा अर्थ रूढ झाला. जेन ऑस्टिन या लेखिकेची ‘पर्स्वेजन’ नावाची कादंबरी १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. तिच्या आरंभीच एक कर्जात बुडालेला सरदार आपल्या घरी रिट्रेंच करता येईल काय, या चिंतेत आहे. शेवटी वाडा भाड्याने देऊन त्याला दुसऱ्या गावी राहावयास जावे लागते. इथे कापणारा सरदार आणि कापला जाणारा खर्चही सरदाराचाच. पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या लिबरल पक्षाने शांतता, काटकसर आणि सुधारणा अशी त्रिसूत्री मिरविली. त्यातल्या काटकसरीसाठी हाच शब्द होता. तेथेही सरकारने स्वतःच्या खर्चाला आळा घालावा, असाच अर्थ.

व्याकरणात आपण विचारतो, कर्ता कोण आणि कर्म कोणते? या क्रियापदाचा इतिहास त्याच्या कर्मात आहे. कर्ता बहुधा धनीच राहिला. कर्म मात्र बदलत गेले. आधी तो स्वतःचा खर्च कापीत होता. मग हिशेबाच्या वहीत पगार हाही खर्चच असतो, असे त्याच्या ध्यानात आले. आणि पगारामागे माणूस असतो. पहिल्या महायुद्धानंतर हिंदुस्थान सरकारची तिजोरी ओढगस्तीला लागली तेव्हा १९२२-२३ साली लॉर्ड इंचकेप यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती बसली. तिच्या नावातच हा शब्द होता. समिती खर्च कापण्यासाठी होती, पण खर्च कापावयाचा म्हणजे नोकरमाणसे कमी करणे हे ओघाने आलेच. अशा रीतीने हे क्रियापद वाड्यातून कचेरीत आणि कचेरीतून कारखान्यात आले.

इतर देशांनी याच कामाला निराळी नावे दिली. अमेरिकेत ‘लेड ऑफ’ म्हणतात. ब्रिटनमध्ये कामगाराला ‘रिडंडंट’ ठरवितात. त्या शब्दाच्या मुळाशी लाट उसळून काठाबाहेर सांडणारे पाणी आहे. ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, दक्षिण आफ्रिका येथे मात्र आपल्यासारखेच ‘रिट्रेंच’ चालते.

आपल्याकडे २४ ऑक्टोबर १९५३ पासून या शब्दाला कायद्याचे रूप आले. औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती होऊन त्याची व्याख्या झाली : शिक्षा म्हणून नव्हे, तर अन्य कोणत्याही कारणाने मालकाने कामगाराची नोकरी संपविणे. राजीनामा, ठरल्या वयाची निवृत्ती आणि दीर्घ आजार एवढे त्यातून वगळले. ज्याची वर्षाची सलग नोकरी झाली आहे, त्याला कमी करावयाचे तर एक महिन्याची लेखी नोटीस कारणासह, किंवा तेवढा पगार. शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार. बारा वर्षे राबलेल्याला एकशे ऐंशी दिवसांचा पगार. शेवटी आला तो आधी जाईल, आणि पुन्हा भरती निघाली तर गेलेल्याला आधी विचारावे लागेल. ध्यानात घ्या, शब्दाने पुन्हा जुना अर्थ धारण केला! नोकरीचा तट पडला तरी आत ही दुसरी फळी उभी राहिली.

आता, फळी उभी राहिली की तिला वळसा घालण्याची वाट शोधली जाते. वाट एकच होती : आम्ही केले ते ‘रिट्रेंच’ नव्हेच, असे सिद्ध करणे.

पहिला मोठा प्रसंग आपल्या महाराष्ट्रातलाच. नागपूर-नागभीडची छोटी गाडी ज्यांना आठवते, त्यांना बार्शी लाइट रेल्वे कशी असेल हे सांगावयास नको. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर अशी ती अरुंद रुळांची कंपनीची गाडी. १ जानेवारी १९५४ ला सरकारने ती ताब्यात घेतली. आदल्या दिवशी, ३१ डिसेंबरला, कंपनीने साऱ्या कामगारांची नोकरी संपविली. बहुतेकांना नव्या मालकाने ठेवून घेतले खरे. पण जुन्या कंपनीने भरपाई द्यावी की नाही? २७ नोव्हेंबर १९५६ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की देऊ नये. धंदा चालू असताना जादा झालेली माणसे काढणे हाच या शब्दाचा रूढ अर्थ. धंदाच बंद झाला किंवा विकला गेला तर ते रिट्रेंच नव्हे. पुढे संसदेने १९५७ साली कायदा दुरुस्त केला. बंद पडलेल्या आणि हस्तांतर झालेल्या धंद्यांतील कामगारांनाही भरपाईची तरतूद केली, आणि ती मागच्या तारखेपासून, २८ नोव्हेंबर १९५६ पासून, लागू केली. निकालाचा दुसरा दिवस! एका शब्दाचा अर्थ किती महाग असतो, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

दुसरा प्रसंग १९७६ चा. सुंदर मनी नावाच्या एका कर्मचाऱ्याला स्टेट बँकेने तात्पुरत्या, थोड्या थोड्या दिवसांच्या नेमणुका दिल्या होत्या. दिवस जोडले तर दोनशे चाळीसच्या वर जात. बँकेचे म्हणणे, मुदत आपोआप संपली, आम्ही काढले कोठे? न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ठरविले, की कोणत्याही कारणाने म्हणजे कोणत्याही कारणाने. मुदत संपली तरी ते रिट्रेंचच. १९९० साली पाच न्यायमूर्तींच्या पीठाने पंजाबच्या एका प्रकरणात हाच व्यापक अर्थ कायम केला. पण मध्यंतरी, ऑगस्ट १९८४ मध्ये, संसदेने व्याख्येत एक पोटकलम घातले होते : करारातली मुदत संपून नोकरी गेली तर ते रिट्रेंच नव्हे. त्याच महिन्यात उलट दिशेची एक दुरुस्तीही अमलात आली. मोठ्या कारखान्यांत, खाणींत, मळ्यांत कामगार कमी करण्याआधी सरकारची परवानगी घेण्याची अट १९७६ साली तीनशे कामगारांवर होती, ती शंभरावर आणली. एका हाताने दिले, दुसऱ्या हाताने काढून घेतले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. परवानगीची अट पुन्हा तीनशेवर गेली. कमी केलेल्या कामगाराला नवे कौशल्य शिकता यावे म्हणून पंधरा दिवसांच्या पगाराएवढी रक्कम एका निधीतून मिळावयाची आहे. ही चांगली गोष्ट आहे. ठराविक मुदतीच्या कामगाराला कायम कामगाराइतकेच वेतन आणि एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी, हेही चांगले आहे. परंतु त्याची मुदत संपली, तर तो ‘रिट्रेंच’ झाला असे कायदा म्हणत नाही. मग नोटीस नाही, भरपाई नाही, तो निधीही नाही. आणि नव्या पोरांच्या हातात येणाऱ्या नेमणूकपत्रांत मुदत घातलेली असते, हे आपण रोज पाहतो. फळी जागेवरच आहे. माणसे मात्र तिच्या बाहेर वसविली जात आहेत.

कोणी म्हणेल, धंदा म्हटला की मंदी येणार. कोळसा संपतो, यंत्र नवे येते, मग माणसे कायमची पोसावयाची काय? माझे तसे म्हणणे नाही. धंद्याला माणूस कमी करावा लागतो, हे मी मान्य करतो. त्या सरदाराला वाडा सोडावा लागला तेव्हा निदान तो स्वतःच्या चुकांची किंमत स्वतः भरीत होता. कामगार मात्र दुसऱ्याच्या हिशेबाची किंमत भरतो. म्हणून त्याला वेळेवर सूचना आणि पदरात काही रक्कम मिळाली पाहिजे, मग कागदावरचा शब्द कोणताही असो. एवढीच मागणी आहे.

तोपर्यंत माझी विनंती साधी आहे. तुमच्या घरच्या मुलाला, शेजारच्या मुलीला नोकरीचा कागद मिळाला, तर पगाराचा आकडा पाहून पेढे वाटण्याआधी मुदतीची ओळ वाचा. नोकरी सुटण्याची वेळ आली, तर कागदावर बडतर्फी लिहिली आहे, राजीनामा लिहिला आहे, मुदत संपली असे लिहिले आहे की कपात, हे पाहिल्याशिवाय सही करू देऊ नका. चारही शब्दांचा शेवट घरी बसण्यातच होतो, पण प्रत्येकाची किंमत निराळी आहे. इंग्रजी कळत नसेल तर शेजारच्या शिक्षकाकडे जा, वाचनालयात जा, आमच्या कचेरीत या. विचारण्यात कमीपणा नाही.