खडक, भेगा आणि पाणी
(हीरकमहोत्सवी वर्षात चेन्नई येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जे कधीच बदलणार नाही, त्याला मराठी माणूस ‘काळ्या दगडावरची रेघ’ म्हणतो. भूविज्ञानाच्या दृष्टीने मात्र तो काळा दगडही अचल नाही; आणि त्यात पडलेली भेग तर सतत बदलत असते.

या शहरालगतच्या पल्लावरम व सेंट थॉमस माउंट येथील टेकड्यांचा खडक म्हणजे चार्नोकाइट. कोलकात्यातील जॉब चार्नॉक यांच्या समाधीचा दगड याच जातीचा, म्हणून टी. एच. हॉलंड या भूवैज्ञानिकांनी त्याला हे नाव दिले. हा खडक अत्यंत टणक आहे; तरीही तेथील विहिरींना पाणी लागते, ते त्याच्या भेगांतून. पावसाचे पाणी हवेतील आणि मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते. भेगांतून झिरपताना ते फेल्डस्पार या खनिजाची सावकाश चिकणमाती करते.

पाणी केवळ झिजवत नाही. ते भरूनही काढते. महाराष्ट्रातील बेसाल्टच्या पोकळ्यांत आढळणारे झिओलाइट, कॅल्साइट आणि गारगोटी यांचे स्फटिक खनिजयुक्त पाण्यातूनच तयार झाले. खोल भूगर्भात भेगेच्या दोन्ही बाजू जेथे परस्परांना टेकतात, तेथे वरचा सारा भार एकवटतो. त्या दाबाखाली खनिज अधिक विरघळते आणि शेजारच्या मोकळ्या जागेत पुन्हा साचते. अशा रीतीने काही भेगा कालांतराने सांधतात, तर काही चिकणमातीच्या थरामुळे निसरड्या होतात. यांपैकी काय घडेल, हे ताण, उष्णता, पाण्यात विरघळलेले क्षार आणि काळ यांवर अवलंबून असते.

भेगेतील पाण्याला स्वतःचाही दाब असतो. तो वाढला की भेगेच्या दोन्ही बाजूंना एकत्र धरून ठेवणारी पकड सैल होते. महाराष्ट्राला याचा दुःखद अनुभव कोयनेच्या खोऱ्यात आला. 1962 च्या सुमारास जलाशय भरू लागल्यावर तेथे भूकंपाचे धक्के जाणवू लागले. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला. दगडमातीची घरे कोसळली आणि दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. भूकंपाची शक्ती भूगर्भात आधीपासून साचलेल्या ताणाची होती. जलाशयाचा भार आणि भेगांत शिरलेले पाणी हे निमित्त ठरले, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

त्यानंतरही तेथील धक्के थांबले नाहीत. म्हणूनच कराडजवळच्या संशोधनकेंद्राच्या पुढाकाराने गोठणे येथे तीन किलोमीटर खोल वेधविवर घेण्यात आले. 2017 मध्ये ते पूर्ण झाले. सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्टखाली प्राचीन ग्रॅनाइटी खडक लागला. खडकाचा ताण, त्यातील भेगा आणि पाणी यांचा अभ्यास जेथे धक्का उगम पावतो त्या दिशेने खाली उतरून करावा, हा त्यामागील हेतू.

कोयनेच्या विजेने असंख्य घरे उजळली. त्याच खोऱ्यातील घरे सुरक्षित उभी राहावीत, हे त्या प्रकाशाचे ऋण आहे. धक्का नेमका केव्हा बसेल, हे आजही सांगता येत नाही. परंतु मजबूत घर बांधता येते, जलाशयाच्या पातळीवर आणि लहान धक्क्यांवर अखंड नजर ठेवता येते. खडक शांत दिसला, म्हणजे आतले काम थांबले असे नव्हे. हे जाणून दक्ष राहणारा समाज घडवणे, हे शिक्षणाचे काम आहे.